हिरडी-पुनर्घडण : जनुक-बदल केलेल्या मूलपेशी आणि आधारजाळी

प्रयोगशाळेत जनुक-बदल केलेल्या मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात) सच्छिद्र आधारजाळीवर रुजवून, हिरड्यांच्या आजारात नष्ट झालेले दाताभोवतीचे ऊतक पुन्हा घडवण्याची प्रायोगिक पद्धत.

दात केवळ हिरडीने धरलेला नसतो. मुळावर सिमेंटम या हाडासारख्या कठीण पदार्थाचा पातळ थर असतो, बाहेर जबड्याचे हाड आणि या दोघांमध्ये तंतुबंध. तंतूंचे एक टोक सिमेंटममध्ये, दुसरे हाडात रुतलेले असावे लागते आणि खरी कसोटी हीच आहे. मुळाची साफसफाई केल्यावर दाह ओसरतो, पण रिकाम्या जागेत हिरडीच्या पृष्ठभागावरच्या पेशी सर्वांत आधी उतरतात व तंतुबंधाची वाट अडवतात. हाडाच्या पेशी थेट मुळाला भिडल्या तर दात हाडाशी जखडतो आणि मूळ झिजू लागते. जखमेत कोणत्या पेशी आधी पोहोचतात यावर ती कशी भरून येईल हे ठरते, हा विचार दंतसंशोधक मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडला.

काढलेल्या अक्कलदाढांच्या तंतुबंधातून २००४ मध्ये मूलपेशी वेगळ्या करता आल्या. उंदरांत त्यांनी सिमेंटम व तंतुबंधासारखी रचना तयार केली. हिरडीतूनही अशा पेशी मिळतात. या पेशींना दिशा देणारी वाढप्रथिने (पीडीजीएफ, बीएमपी-२, बीएमपी-७) नुसती जखमेत सोडली तर थोड्याच काळात निघून जातात किंवा विघटन पावतात. म्हणून त्यांचे जनुकच पेशीत घालतात, म्हणजे पेशी ते प्रथिन जागेवरच बनवत राहते.

वाहक म्हणून अनेकदा विषाणू वापरतात. ॲडिनोव्हायरसने दिलेले जनुक काही काळच कार्य करते. हाड भरून आल्यावर वाढप्रथिनाचा संदेश थांबायलाच हवा, त्यामुळे येथे ही उणीव नव्हे तर सोय ठरते. मात्र शरीराची प्रतिकारप्रतिक्रिया उद्भवू शकते. लेंटिव्हायरसने घातलेले जनुक गुणसूत्रात कायमचे बसते. ते चुकीच्या जागी बसल्यास कर्करोगाचा धोका संभवतो. दात वाचवण्यासाठीच्या उपचारात एवढी जोखीम सहज पत्करण्याजोगी नाही.

आधारजाळी कोलॅजन, कायटोसान (कवचधारी प्राण्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ), विरघळणारे बहुवारिक (पॉलिमर) किंवा कॅल्शियम फॉस्फेटची असते. हाडाकडे कठीण व मुळाकडे मऊ, तंतूंना दिशा देणारी अशी थरांची रचना अधिक आश्वासक वाटते. जाळी ऊतक तयार होण्याआधी विरघळली तर जागा कोसळते. फार काळ टिकली तर वाढीच्या आड येते.

पुरावा प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे. टोकियोत दहा रुग्णांवर स्वतःच्याच तंतुबंध-पेशींचे पापुद्रे बसवल्याचा अहवाल २०१८ मध्ये आला, पण त्या पेशींत जनुक-बदल नव्हता.