टीव्हीचा 'निर्माता' आणि कोकण : पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण कोकणात बरीच वर्षं ते ऐकूनच माहीत. प्रक्षेपणाच्या लहरी सरळ जातात. मधे डोंगर आला की चित्र गेलं. पुढे उंच बांबूंवर अँटेना चढल्या. एक जण कौलांवरून बांबू फिरवायचा आणि आतून ओरडा यायचा, "मुंग्यो दिसतत, आजून फिरव!"

त्या मुंग्यांतून शेवटी 'निर्माता' या शब्दापुढे एक नाव उमटायचं. या शब्दाचा घोळ अजून मिटलेला नाही. दूरदर्शनचा निर्माता हा पगारी माणूस. विषय शोधणं, माणसं बोलावणं, संहिता डोळ्यांखालून घालणं, पुष्कळदा कंट्रोल रूममध्ये बसून दिग्दर्शनही, सगळं त्याच्याच अंगावर. खिशातला पैसा मात्र त्याचा नसे. ७ जुलै १९८४ला दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका सुरू झाली, मालिकांना प्रायोजक आले, आणि तोच शब्द बाहेरच्या, भांडवल उभं करणाऱ्या माणसाला चिकटला. खासगी वाहिन्यांनी त्यात 'कार्यकारी निर्माता' आणला. सेटवरचा रोजचा गाडा ओढणारा तो हा. हक्क सहसा वाहिनीकडेच राहतात. म्हणून गणपतीला आलेला चाकरमानी 'मी प्रोडक्शनला आहे' म्हणाला, की गावात त्याच्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती येते. तो बिचारा महिन्याच्या पगारावर असतो.

कोकणाने ऋणी राहावं ते पहिल्या अर्थाच्या निर्मात्यांचं, असं मला ठामपणे वाटतं. 'आमची माती आमची माणसं'सारख्या कार्यक्रमाने शेतकऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं. तेव्हा बाहेरचं चित्रीकरण १६ मिमी फिल्मवर व्हायचं. कोकण रेल्वेही नव्हती. ती पूर्ण धावली १९९८मध्ये. रिळं घाटवळणांच्या रस्त्याने मुंबईला न्यायची, धुवायची, मग संकलन. पुढे टेप आल्या, पण महाग. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. त्या पिढीचं बरंचसं काम असंच गेलं.

१९९९मध्ये खासगी मराठी वाहिनी आली, पण कोकण पडद्यावर ठसठशीत दिसलं ते २०१६मध्ये, 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेमुळे. मुंबईत सेट न लावता सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या खऱ्या वाड्यात चित्रीकरण झालं, पात्रं मालवणीत बोलली. कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख अशी प्रतिमा होते, हा आक्षेप जोरात आला आणि तो खोटा नव्हता. मालवणी सौम्य केली, हेही खरं. तरीही भाषेचा तो निर्णय मला योग्यच वाटतो. तोवर मालिकांत मालवणी बहुतेकदा विनोदापुरती असायची. इथे बाई रडताना, भांडताना, वाटणी मागतानाही मालवणीतच बोलली. लोक वाडा बघायला गाड्या करून आले. २०१९ आणि २०२१मध्ये पुढची पर्वं निघाली. ती आज मोबाइलवर कधीही बघता येतात.