पोचा निघतो तेव्हा पत्र्यात काय घडतं?

पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार लागतं, नाहीतर कोकणात माडाखाली गाडी लावलेली असते, आणि पत्र्यावर पोचा येतो. घरगुती उपाय सगळ्यांनी ऐकलेले असतात: उकळतं पाणी, रबरी सक्शन कप, हेअर ड्रायर. यातला कुठला चालेल, हे पोचा नीट पाहिला तर बरंचसं आधीच कळतं.

गाडीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा. पोलाद थोडंसं ताणून सोडलं तर मूळ जागी परत येतं, पण ही सवलत हजारात एक-दोन भाग ताणापुरतीच. त्यापुढे स्फटिकांमधले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात ते कायमचे. हे सरकणं अणुरचनेतल्या बारीक दोषांच्या वाटेनं होतं, असं १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं. सरकता सरकता हे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि धातू त्या जागी अधिक कडक होतो.

घरात करून पाहा. लोखंडी तार काटकोनात वाकवा आणि हातानं सरळ करा. तार सरळ होईल, पण जुन्या वाकाच्या जागी बारीकसं कुबड राहीलच, कारण तिथला धातू आता शेजारच्यापेक्षा कडक आहे. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडं मठारतात, तेव्हा ठोक्यांनी तांब्याला याच गुणामुळे बळकटी येते. ते फारच कडक झालं तर भट्टीत तापवून पुन्हा मऊ करता येतं. गाडीच्या पत्र्याला तेवढं तापवलं तर रंगच जळून जाईल.

आता पोच्याकडे या. पसरट, उथळ पोच्यात कायमचा वाकलेला भाग थोडाच असतो, बहुतेक कडेला. मधला पत्रा नुसता अडकून बसलेला असतो, डब्याचं झाकण दाबल्यावर टक करून आत बसतं तसा. हाच पोचा सक्शन कपानं निघतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो वजनाएवढा. म्हणजे १२ सेंटिमीटर व्यासाच्या कपाला कागदावर शंभर किलोच्या वर ओढ मिळते, प्रत्यक्षात बरीच कमी. जागा धुऊन कपाची कड ओली करा आणि सरळ बाहेर ओढा, तिरकं नको. धारदार घडी पडली असेल तर मात्र कप हात टेकतो. कसबी कारागीर अशा वेळी पोच्याभोवती वर आलेली कड हलक्या हातानं खाली बसवत आतून थोडं थोडं ढकलतो. घाईनं एकदाच जोर लावला तर खड्ड्याच्या जागी टेंगूळ येतं आणि ते बसवणं जास्त कठीण.

उकळत्या पाण्याची कीर्ती बंपरमुळे झाली, आणि बंपरवर ते खरंच चालतं. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनच्या जातीच्या प्लॅस्टिकचे असतात. शंभर अंशांच्या आसपास ते बरंच मऊ होतं आणि आतून दाबलं की मूळ आकार धरतं. पाणी पार्किंग सेन्सरपासून दूर ठेवा, हात सांभाळा. पोलादी दाराला मात्र शंभर अंश म्हणजे काहीच नाही. १० सेंटिमीटर पत्रा ६० अंशांनी तापवला तर जेमतेम ०.०७ मिलिमीटर वाढतो. टक करून सुटण्याच्या बेतात असलेला पोचा एवढ्यानं एखादवेळी सुटेल, घडी सुटणार नाही. उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लावण्याचा सल्लाही मिळतो. तो मी कुणाला देणार नाही. उघड्या हाताला त्यानं इजा होते आणि बंद गॅरेजमध्ये त्याचा कार्बन डायऑक्साइड साचतो.

रंगाचे सगळे थर मिळून ०.१ मिलिमीटरच्या आसपास, आणि थंडीत ते ठिसूळ होतात. म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी गाडीला आधी ऊन लागू द्या. रंगाला तडा गेलेला असेल, तर पोच्याच्या आधी त्याचं बघा. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा फार लवकर गंजतो.

काम झालं की नाही हे पाहायला ट्यूबलाइट पुरते. पत्रा एक अंश कलला तर प्रतिबिंब दोन अंश वळतं, म्हणून बोटाला न लागणारा खळगाही त्या उजेडाच्या रेषेत वाकडेपणा होऊन दिसतो.