गुन्हेगार जमाती कायदा

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ मध्ये आलेला आणि १९५२ पर्यंत अमलात राहिलेला, ठरावीक जमातींतील माणसांना जन्मापासूनच संशयित ठरवणारा कायदा. समाजात गुन्हे का घडतात, या प्रश्नाला गरिबी, बेकारी, दारू, संगत, सूड अशी अनेक उत्तरे दिली जातात. या कायद्याचे उत्तर एकच होते : जात. कारण चुकीचे ठरवून त्यावर पोलीस, न्यायालये आणि वसाहती उभ्या केल्या की पुढे काय होते, हे या ऐंशी वर्षांत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

पार्श्वभूमी

वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांविरुद्ध विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात चालवलेल्या मोहिमेतून कंपनी सरकारच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसली, की हिंदुस्थानात गुन्हा हा वंशपरंपरेने चालणारा धंदा असतो. सुताराचा मुलगा सुतार, कोष्ट्याचा कोष्टी, म्हणून चोराचा मुलगा चोर. इटलीत लोंब्रोसो या डॉक्टराने कवट्यांची मापे घेऊन ‘जन्मजात गुन्हेगारा’चा सिद्धांत १८७६ मध्ये मांडला, हिंदुस्थानातला कायदा त्याहून पाच वर्षांनी जुना. इथे कवट्या मोजायची गरजच पडली नाही, जातिव्यवस्थेचा सोयीचा अर्थ लावला की काम भागत होते. १८५७ नंतर फिरस्त्यांविषयीचा संशय आणखी वाढला. ज्याला घर नाही, शेतसारा नाही, ठावठिकाणा नाही, तो सरकारच्या हिशेबात बसत नव्हता. १८७१ च्या मूळ कायद्याचा दुसरा भाग तर हिजड्यांच्या नोंदणीसाठीच होता.

ज्या जमाती यादीत आल्या त्यांचे उत्पन्नाचे मार्ग त्याच शतकात एकेक करून बंद झाले होते, आणि बहुतेक ठिकाणी ते सरकारनेच बंद केले होते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य वाहत. मिठावरचा कर आणि १८५३ नंतर पसरलेली रेल्वे यांनी ती वाहतूक मोडली. पारध्यांची शिकार १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी अडवली. रामोशी गावाची राखण आणि किल्ल्यांची चौकी करत, त्याबदल्यात त्यांना बलुते किंवा इनाम मिळे. किल्ले ओस पडले, राखणीचे काम पगारी पोलिसांकडे गेले. उमाजी नाईकांचे बंड याच नाराजीतून पेटले. त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आली. कंजारभाटांची हातभट्टी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने बेकायदा ठरली. धंदा तोच, माणसे तीच, बदलला तो कायदा.

म्हणून यादीतले सगळे निर्दोष होते, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. काही टोळ्या खरोखर घरफोडी, दरोडे, रेल्वेतल्या चोऱ्या यांवर जगत होत्या आणि आसपासच्या गावांना त्यांचा जाच होता. कायद्याचा दोष असा, की कोणते कुटुंब चोरी करते आणि कोणते टोपल्या विणते हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. दगड फोडून रस्ते, विहिरी आणि धरणे बांधणारे वडारही यादीत आले ते यामुळेच.

कायद्याची यंत्रणा

१८७१ चा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १८७६ मध्ये बंगालमध्ये, आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्वत्र. १९२४ मध्ये सर्व तरतुदी एकत्र करण्यात आल्या. १८७१ मध्ये एखादी जमात जाहीर करण्यापूर्वी तिच्या उपजीविकेची सोय काय करणार हे प्रांतिक सरकारला वर कळवावे लागे. १९११ मध्ये ती अट गळाली. ही बारीकशी दुरुस्ती पुढच्या सगळ्या अनर्थाच्या मुळाशी आहे, कारण तिच्यानंतर जमात जाहीर करताना तिने पोट कसे भरायचे हा प्रश्न विचारणे बंधनकारक उरले नाही.

अंमल टप्प्याटप्प्याने होई. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्हे सराईतपणे करतो असे मानण्यास कारण आहे, एवढे सरकारला वाटले की अधिसूचना निघे. तिच्या योग्यायोग्यतेवर कोणत्याही न्यायालयाला बोलता येत नसे. मग जिल्हा दंडाधिकारी नोंदवही तयार करी. नोटीस लागली की ठरल्या दिवशी हजर व्हायचे, नाव-गाव-कुटुंब सांगायचे, बोटांचे ठसे द्यायचे. नोंद झालेल्यांना ‘हजेरी’ लागे : ठरावीक वेळी पोलीस पाटलासमोर किंवा चौकीवर उभे राहायचे. गाव सोडायचे तर पास हवा. कुठे जायचे, किती दिवस राहायचे, तिथे कोणासमोर हजर व्हायचे हे पासावर लिहिलेले असे. त्यापुढची पायरी म्हणजे हद्द बांधून देणे, आणि शेवटची म्हणजे संपूर्ण कुटुंबे सेटलमेंटमध्ये, म्हणजे कुंपणाच्या वसाहतीत, नेऊन ठेवणे. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभा १८९७ च्या दुरुस्तीने दिली होती, ती पुढेही राहिली.

शिक्षा इतरांपेक्षा वेगळ्या होत्या. कायद्याला जोडलेल्या यादीतल्या (अनुसूचीतल्या) गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा जन्मठेप काळे पाणी; विशेष कारण नोंदवल्याशिवाय न्यायाधीशाला यात सूट देता येत नसे. चोरीची संधी शोधत असल्यासारखा कुठे आढळला, तर चोरी न करताही तीन वर्षांपर्यंत कैद.

आकडे कसे फुगत

या यंत्रणेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे, आणि गुन्हेगारीवर लिहिणारे विद्यार्थी नेमका तोच सोडून देतात. एखादा कैकाडी शेजारच्या बाजाराला कणग्या-टोपल्या घेऊन गेला, माल उशिरा खपला, रात्रीची हजेरी चुकली. इतरांच्या बाबतीत यात गुन्हा काहीच नाही. त्याच्या बाबतीत तो खटला. दंड किंवा कैद झाली की त्याच्या नावापुढे शिक्षेची नोंद पडे. वर्षअखेरीस त्या जमातीतले किती जण शिक्षा भोगून आले, याचा आकडा अहवालात जाई. हजेरी चुकवणारा आणि घर फोडणारा त्यात बरोबरीने मोजले जात. आकडा मोठा म्हणून जमात गुन्हेगार, जमात गुन्हेगार म्हणून हजेरी कडक, हजेरी कडक म्हणून चुकणारे जास्त.

दुसरा दोष शोधाच्या पद्धतीत होता. चोरी झाली की पहिली झडती नोंदवहीतल्या घरांची. जिथे रोज शोधले जाते तिथे काही ना काही सापडतेच, जिथे कोणी शोधतच नाही तिथे गुन्हा ‘नसतो’. गावातला खरा चोर सवर्ण वाड्यातला असला तर तो निर्धास्त राही, आणि काही ठिकाणी चोरीचा माल पचवणारे सावकार व सोनार या यादीमुळेच सुरक्षित राहिले. पोलिसांच्या बाजूने पाहिले तर ही पद्धत अत्यंत सोयीची होती. तपास करावा लागत नसे.

सोलापूरची सेटलमेंट

मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग, बारामती, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती होत्या. त्यांचे काम प्रामुख्याने ओ. एच. बी. स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याने बांधले. (मागासवर्गीयांच्या स्थितीची पाहणी करणारी १९२८ ची समिती याच स्टार्टच्या अध्यक्षतेखालची, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते.) सोलापूरची वसाहत बराच काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. भोवती तारेचे कुंपण, आत कुटुंबांच्या झोपड्या, शाळा, हजेरीची जागा. बाहेर कापडगिरण्या होत्या आणि त्यांना माणसे हवी होती. वसाहतीतले कामगार पाळीप्रमाणे बाहेर जात आणि पाळी संपली की परत येत. गिरणीवाल्याच्या दृष्टीने हा मजूर पळून जाऊ न शकणारा, दुसरीकडे मजुरी मागू न शकणारा होता.

चांगल्या वर्तणुकीवर पुढची पायरी मिळे. आधी कुंपणाच्या आत, मग कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त कमी हजेरीवर, शेवटी परवान्यावर सुटका. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही चालतो. मुलांची शाळा सक्तीची असल्याने इथल्या काही कुटुंबांत पहिल्यांदा अक्षरओळख आली, ही गोष्ट नाकारता येत नाही. पण ज्या वसाहतींत नियमित रोजगार होता तिथे माणसे गिरणीत राबून जगली, या एका निरीक्षणाने ‘रक्तात चोरी’ हा कायद्याचा पायाच उखडला जातो. सुधारणेचे श्रेय कुंपणाला देणाऱ्या अहवालांनी पगाराकडे मात्र लक्ष दिले नाही.

रद्द झाल्यानंतर

मुंबई प्रांतात १९३७ मध्ये कन्हैयालाल मुन्शी गृहमंत्री असताना चौकशी समिती नेमली गेली आणि १९४९ मध्ये प्रांताने कायदा रद्द केला. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला, त्यामुळे हातभट्टीवर जगणाऱ्यांच्या मागचे पोलीस काही हटले नाहीत. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर देशभरातील कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. या कायद्यातून सुटलेल्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात, आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. रद्द करणाऱ्या कायद्यात जमीन, घर किंवा काम यांची तरतूद नव्हती.

१९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने निकष जमातीवरून व्यक्तीवर आणला : सलग पाच वर्षांच्या काळात किमान तीन वेळा कैदेची शिक्षा झालेला तो सराईत. कागदावर हे तत्त्व बरोबर आहे. व्यवहारात मात्र, आधीच्या नोंदींमुळे ज्यांना वारंवार उचलले जाई त्यांच्याच तीन शिक्षा लवकर भरत. त्याच वर्षीच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाच, भविष्य सांगणे, खेळ करून पैसे मागणे हेही भीक ठरवले. डोंबारी, नंदीवाले यांचा पिढीजात पेशा त्यात अडकला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्यांच्या फाशाला उरलीसुरली वाटही बंद केली.

आजही पारध्यांच्या पालावर घडणारा क्रम साधारण ठरलेला असतो. जवळपास दरोडा पडतो. पोलीस पालावरच्या तरुणांना उचलतात. अटक चोवीस तास उलटून गेल्यावर दाखवली जाते. सोडवायला वकील हवा, जामीनदार हवा. सात-बारा असलेला जामीनदार पालावर मिळत नाही, म्हणून गावातला कोणी पैसे घेऊन उभा राहतो. ते पैसे कर्जाने येतात, व्याज मजुरीतून फिटत नाही आणि तारखांना जाताना मजुरीही बुडते. तारीख चुकली की वॉरंट. अशा अवस्थेतल्या माणसाने पुढे खरोखर चोरी केली, तर तिचे कारण त्याच्या जातीत शोधायचे की जामिनाच्या हिशेबात, हे उघड आहे.

सवलतींची वाटही सरळ नाही. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा जमाती आहेत : बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी आणि छप्परबंद, त्यांना ३ टक्के आरक्षण आहे. फासेपारधी मात्र अनुसूचित जमातीत, आणि कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत तर उर्वरित राज्यात विमुक्तांत. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातील वास्तव्याचा पुरावा मागतात. पिढ्यान्‌पिढ्या गाव बदलत फिरलेल्या कुटुंबाकडे त्या तारखेचा शाळेचा दाखला किंवा महसुली उतारा असण्याची शक्यता कमीच. ठाण्यातली जुनी नोंद तेवढी असते, पण तहसीलदारापुढे ती कोण नेणार?

पश्चिम बंगालमधील पुरुलियात १९९८ मध्ये बुधन शबर या विमुक्त जमातीतील तरुणाचा कोठडीत मृत्यू झाल्यावर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या पुढाकाराने विमुक्तांच्या हक्कांची देशव्यापी चळवळ उभी राहिली. विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते आयोगाने २०१७ मध्ये आपले अहवाल दिले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांच्या ‘हिस्ट्री शीट’संबंधीच्या, म्हणजे संशयितांच्या पोलीस नोंदीसंबंधीच्या, प्रकरणात मागास समाजांतील निरपराध व्यक्तींची नावे यांत्रिकपणे नोंदवली जातात याची दखल घेतली, नोंदींची ठरावीक मुदतीने वरिष्ठ अधिकाऱ्याकडून तपासणी करायला सांगितले आणि इतर राज्यांनाही तसा विचार करण्याची सूचना केली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात त्याच न्यायालयाने तुरुंगातील जातीनुसार कामवाटप घटनाबाह्य ठरवले, आणि तुरुंग नियमावल्यांतील ‘सराईत गुन्हेगार’ हा उल्लेख कायद्यातील व्याख्येपुरताच मर्यादित केला. कारण अनेक नियमावल्यांत विमुक्त जमातींतील कैद्याला पहिल्याच शिक्षेत सराईत धरण्याची मुभा तोपर्यंत शिल्लक होती.