पार्श्वभूमी : नाझीनिर्मूलनाचा कायदा आणि सामान्य जर्मन माणूस

१९४६ च्या वसंतात अमेरिकी ताब्यातल्या दक्षिण जर्मनीत अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक अर्ज भरून द्यावा लागला. नाझी पक्षात होतात का, कधी शिरलात, पद कोणतं, उत्पन्न किती. अर्ज दिल्याची पोच दाखवल्याखेरीज रेशनकार्ड मिळत नव्हतं, त्यामुळे टाळाटाळ कुणालाच परवडणारी नव्हती. सुमारे १ कोटी ३० लाख अर्ज गोळा झाले. सामान्य माणसाकडे नाझी राजवटीच्या बारा वर्षांचा हिशेब इतक्या मोठ्या प्रमाणावर त्या देशात पुन्हा कधी मागितला गेला नाही. तो कसा फसला हे पाहिल्याशिवाय पश्चिम जर्मनीची पुढची काही दशकं उलगडत नाहीत.

मुळात उत्तरंच सरळ नव्हती. १९३३ च्या जानेवारीत पक्षाचे सभासद साडेआठ लाखांच्या आसपास होते, अखेरीस ते ८५ लाखांच्या घरात गेले. सत्ता येताच शिक्षक, कारकून आणि सरकारी नोकर यांची अशी रीघ लागली की मे १९३३ मध्ये पक्षालाच भरती थांबवावी लागली. १९३७ पासून दार पुन्हा उघडलं. कुणी श्रद्धेने सही केली, कुणी बढतीसाठी, कुणी वरिष्ठांच्या धाकाने. सभासद नसलेले सगळे धुतल्या तांदळासारखे होते असंही नाही. हॅम्बुर्गमध्ये हद्दपार केलेल्या ज्यू कुटुंबांचं घरसामान जाहीर लिलावात निघे. कपाटं, चादरी, भांडी पडेल किमतीला उचलणारी माणसं साधीसुधी शहरवासीच होती, आणि पक्षाच्या यादीत त्यांतल्या कित्येकांचं नाव नव्हतं.

आता वादाचा मुद्दा. १९४५ मध्ये अमेरिकी लष्करी प्रशासनाने १३१ प्रश्नांची प्रश्नावली आणि सरसकट बडतर्फी हा मार्ग धरला होता. सप्टेंबरपासून तर माजी सभासदांना खाजगी व्यवसायातही साध्या मजुरीपलीकडचं काम बंद झालं. शाळा आणि कचेऱ्या ओस पडल्या. मग ५ मार्च १९४६ च्या कायद्याने हे काम जर्मनांच्याच हाती सोपवलं गेलं. गावोगावी पाचशेहून अधिक न्यायमंडळं बसली आणि माणसांच्या पाच वर्गवाऱ्या ठरल्या : मुख्य दोषी, दोषी, कमी दोषी, नुसते मागे गेलेले, आणि निर्दोष.

निकाल लागेपर्यंत नोकरीवर परतता येत नव्हतं, म्हणून किरकोळ प्रकरणं आधी हातावेगळी करायची असं ठरलं. शाळामास्तर, पोस्टमन, दुकानदार यांच्या फायली वर आल्या आणि छावण्यांत अडकवून ठेवलेले बडे आरोपी मागे राहिले. या क्रमाची बाजू घेणारे म्हणतात की पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि ते खरंच आहे. १९४६-४७ च्या हिवाळ्यात बर्लिनच्या टियरगार्टन बागेतली झाडं सरपणाला गेली होती आणि मोकळ्या जागेत बटाटे लावले जात होते. कलोनच्या आर्चबिशपनी वर्षअखेरच्या प्रवचनात जगण्यापुरतं कुणी उचललं तर ते क्षम्य मानलं, आणि लोकांनी त्याचा अर्थ मालगाड्यांवरचा कोळसा असा घेतला.

तरीही माझ्या मते खरा घात या क्रमानेच केला. ज्यांचे निकाल आधी लागले त्यांना दंड बसला, नोकरीची वर्षं गेली. शीतयुद्ध पेटलं तशा ऑक्टोबर १९४७ आणि मार्च १९४८ मध्ये अटी सैल झाल्या, आणि उशिरा उभे राहिलेले बडे लोक 'मागे गेलेले' या वर्गात सहज बसले. पाद्री, शेजारी, जुने सहकारी चारित्र्याचे दाखले लिहून देत. पर्सिल या कपडे धुण्याच्या पावडरीवरून लोक त्यांना 'पर्सिलशाइन', म्हणजे पर्सिलचा दाखला, म्हणत. बाजूने बोलणारे गावातच होते. विरुद्ध बोलू शकणारे बहुतेक मारले गेले होते किंवा देशाबाहेर होते. लहानाला शिक्षा आणि मोठ्याला सूट हे डोळ्यांदेखत झाल्यावर सहानुभूती बळींकडून 'आमच्या पोस्टमन'कडे वळली.

सोव्हिएत ताब्यातल्या विभागात शिक्षकांना घाऊक काढून काही महिन्यांच्या प्रशिक्षणावर नवे नेमले गेले आणि १९४८ च्या सुरुवातीलाच मोहीम संपल्याचं जाहीर झालं. तिथल्या छावण्यांत हजारो माणसं भुकेने आणि आजाराने मेली, त्यात अगदी क्षुल्लक कार्यकर्तेही होते.

पश्चिमेत २० जून १९४८ ला माणशी ४० नवे मार्क हातात पडले, दुकानं एका रात्रीत भरली, आणि मागचं उकरण्यात कुणाला रस उरला नाही. १९५१ च्या कायद्याने बडतर्फ सरकारी नोकरांतल्या बहुतेकांना परत येण्याचा रस्ता मिळाला. १९४९ आणि १९५४ मध्ये माफीचे कायदे झाले.

या माफीखाली काय दडलं होतं ते उल्मच्या खटल्यात दिसलं. माहिती खोटी देऊन सुटलेल्या एका माजी पोलिसप्रमुखाने सरकारी नोकरी परत मिळावी म्हणून दावा लावला. वर्तमानपत्रांत नाव झळकलं आणि त्याची ओळख पटली. १९४१ च्या उन्हाळ्यात लिथुआनियाच्या सीमेवर पाच हजारांहून अधिक माणसांना, बहुतेक ज्यूंना, गोळ्या घातल्याबद्दल तो आणि इतर नऊजण १९५८ मध्ये दोषी ठरले. त्याच वर्षी लुडविग्सबुर्गला अशा गुन्ह्यांसाठी वेगळं तपासकेंद्र उघडलं. १९६३ ते ६५ फ्रांकफुर्टला आउशवित्झचा खटला चालला, आणि खुनाला कालमर्यादा न ठेवण्याचा निर्णय १९७९ मध्ये झाला.

पक्षाच्या सभासदपत्रिका १९४५ मध्ये म्युनिकजवळच्या कागद गिरणीत लगद्यासाठी पाठवल्या होत्या. त्या नष्ट होता होता बचावल्या, अमेरिकनांच्या हाती लागल्या आणि १९९४ मध्ये जर्मनीच्या ताब्यात आल्या. आता नातवंडं अर्ज करून आजोबांची नोंद मागवतात.