एका यंत्राच्या दोन वाटा: व्हीआर आणि एआर यांच्यातील फरकाची पार्श्वभूमी

आभासी वास्तवाचा, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटीचा (व्हीआर), इतिहास सांगणारे बहुतेक जण १९६८ सालच्या ज्या यंत्रापासून सुरुवात करतात, ते यंत्र आजच्या व्याख्येने पाहिले तर व्हर्च्युअल रिॲलिटीचे नव्हतेच. हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी बॉब स्प्राउल या विद्यार्थ्याच्या साथीने घडवलेल्या त्या यंत्रात प्रत्येक डोळ्यासाठी एक छोटी कॅथोड किरण नळी होती आणि तिच्यावर उमटलेली रेघांची आकृती अर्धपारदर्शक आरशावरून परावर्तित होऊन डोळ्यांत जात असे. आरसा अर्धपारदर्शक असल्यामुळे समोरची खरी खोली झाकली जात नसे; त्या खोलीतच एखादा घन किंवा एखादा रेणू अधांतरी उभा असल्यासारखा दिसे. डोके कोणीकडे वळले हे संगणकाला कळावे म्हणून छतापासून खाली आलेला एक यांत्रिक दांडा डोक्यावरच्या साजाला जोडलेला असे, आणि माथ्यावर टांगलेल्या त्या अवजड दांड्यामुळेच यंत्राला ‘डॅमोक्लीजची तलवार’ (ग्रीक कथेत डॅमोक्लीजच्या डोक्यावर टांगलेली तलवार) हे टोपणनाव मिळाले. ही चित्रे हवेत तरंगती ठेवता येतील, तशीच ती नकाशा, टेबल, भिंत किंवा अगदी टंकलेखन यंत्राच्या कळा यांच्यावर नेमकी बसवताही येतील, असे सदरलँड यांनी आपल्या शोधनिबंधात नोंदवून ठेवले आहे. पुढे ज्यांना व्हीआर आणि एआर अशी दोन नावे मिळाली, त्या दोन्ही शक्यता तेव्हा एकाच यंत्रात नांदत होत्या.

फरक थोडक्यात सांगायचा तर तो डोळ्यांसमोरच्या खऱ्या जगाचे काय करायचे, एवढ्या एकाच प्रश्नाचा आहे. व्हीआर ते जग झाकून टाकते आणि त्याच्या जागी संगणकाने रचलेले दुसरे जग ठेवते. ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर), म्हणजे संवर्धित वास्तव, ते जग तसेच राहू देते आणि त्याच्यात भर घालते. मात्र हा फरक आधी कागदावर मांडला गेला आणि मग यंत्रे घडली, असे झाले नाही. यंत्रे वेगवेगळ्या गरजांतून घडत गेली, त्यांच्या अडचणी वेगवेगळ्या निघाल्या आणि व्याख्या त्यांच्या मागून आली.

दोन्हींच्या मुळाशी असलेले प्रकाशशास्त्र एकोणिसाव्या शतकातले आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांची मिळून एकच त्रिमित प्रतिमा तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने दाखवले. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याला भिंगांच्या बंद पेटीचे रूप दिले आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर ती पेटी घरोघरी पोहोचली. त्या पेटीला डोळे लावले की भोवतालचे काही दिसत नसे, हे व्हीआरचे बीज. दुसऱ्या शाखेचे बीज रंगभूमीवर सापडते. १८६२ च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी तिरक्या काचेत प्रेक्षकांपासून लपवलेल्या, उजेडात उभ्या नटाचे प्रतिबिंब पाडून रंगमंचावर भूत उभे केले. प्रेक्षकांना काचेपलीकडचा खरा नट आणि काचेतले भूत एकाच वेळी दिसत होते. प्रतिबिंब आणि पलीकडचे दृश्य एकाच काचेत आणण्याचे हेच तत्त्व वापरून डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली नेम धरण्याच्या साधनाचे पेटंट घेतले. पुढे ते लढाऊ विमानांच्या नेमदर्शकांत आले आणि त्यातूनच वैमानिकाला मान खाली न घालता वेग व उंची समोरच्या काचेवर दाखवणारा हेड-अप डिस्प्ले निघाला. एआरचा खरा घराणेदार पूर्वज हा आहे, असे माझे मत आहे. भविष्यवेधी कथाकादंबऱ्यांना त्याचे श्रेय उगाच दिले जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर व्हीआरच्या वाटेने गेलेले मॉर्टन हाइलिग हे चित्रपटसृष्टीतले गृहस्थ होते. त्यांच्या ‘सेन्सोरामा’ या यंत्राला १९६२ मध्ये पेटंट मिळाले. त्यात बसणाऱ्याला ब्रुकलिनच्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवल्याचा अनुभव येई: समोर त्रिमित चित्र, खाली थरथरणारी बैठक, तोंडावर वारा आणि जोडीला वासही. चित्र मात्र आधीच टिपलेले असल्याने प्रेक्षकाने मान वळवली तरी त्यात काही बदलत नसे. ही उणीव भरून निघण्याचा मार्ग सदरलँड यांना बेल हेलिकॉप्टर कंपनीच्या एका प्रयोगात दिसला. तिथे छतावर ठेवलेला कॅमेरा आत बसलेल्या माणसाच्या डोक्याबरोबर वळत असे आणि कॅमेऱ्याच्या दिशेने चेंडू फेकला की आत सुरक्षित बसलेला माणूसही दचकून खाली वाकत असे. कॅमेऱ्याच्या जागी संगणक बसवला तर काय होईल, हा सदरलँड यांचा पुढचा विचार होता.

१९७० आणि १९८० च्या दशकांत पैसा लष्कराकडे आणि अवकाश संशोधनाकडे होता, त्यामुळे काम तिथेच झाले. अमेरिकी हवाई दलाच्या राइट-पॅटरसन तळावर टॉम फर्नेस यांनी १९६६ पासून वैमानिकांच्या शिरस्त्राणातील दृश्यांवर काम केले, तर नासाच्या एम्स केंद्रात १९८० च्या दशकात खिशातल्या टीव्हीचे एलसीडी पडदे वापरून त्यामानाने स्वस्त शिरोपट (डोक्यावर चढवून डोळ्यांसमोर धरायचा पडदा) तयार झाला. याच सुमारास कॅलिफोर्नियात जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल रिसर्च या कंपनीने डोळ्यांवर लावायचा ‘आयफोन’ (ॲपलच्या फोनशी त्याचा काही संबंध नाही, इंग्रजी अक्षरेही वेगळी) आणि बोटांची हालचाल टिपणारा ‘डेटाग्लोव्ह’ विकायला काढला. व्हर्च्युअल रिॲलिटी हे नाव लोकांच्या तोंडी बसले ते लॅनियर यांच्यामुळे. यंत्र मात्र घरोघरी गेले नाही, कारण त्यामागच्या संगणकांसह सगळ्या संचाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९९५ मध्ये निन्टेन्डोने आणलेला ‘व्हर्च्युअल बॉय’ स्वस्त होता, पण त्यातले लाल-काळे चित्र आणि दुखणारे डोळे यांमुळे तो काही महिन्यांतच बाजारातून गेला आणि व्हीआरचे नाव पुढे दीड दशक मागे पडले.

एआरला नाव मिळाले ते मात्र कारखान्यात. सिएटलच्या बोइंग कंपनीत विमानातल्या तारांचे जुडगे बांधण्यासाठी प्लायवूडच्या लांबलचक फळ्या वापरल्या जात. फळीवर पूर्ण आकाराचा आराखडा चिकटवलेला असे आणि कामगार त्याच्या रेषेवरच्या खुंट्यांमधून एकेक तार ओवत नेई. विमानाचा नमुना बदलला की आराखडा बदले, आराखडा बदलला की फळी बदले आणि अशा फळ्या साठवण्यातच जागा जाई. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी असा तोडगा सुचवला की फळी कोरीच ठेवावी आणि कोणती तार कुठून न्यायची ते कामगाराच्या डोळ्यांसमोरच्या पारदर्शक भिंगात दाखवावे. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव कॉडेल यांनी १९९० च्या सुमारास वापरले आणि दोघांचा निबंध १९९२ मध्ये आला. येथे खरी फळी झाकून चालणार नव्हते, कारण कामगाराच्या हातातली तार खरी होती.

त्याच १९९२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी सोनोग्राफीचे चित्र गर्भवती स्त्रीच्या पोटाच्या जागीच दाखवण्याचा प्रयोग केला. गर्भाचे चित्र पोटाच्या आत दिसण्याऐवजी पोटावर चिकटवल्यासारखे दिसले, म्हणून पुढच्या प्रयोगांत तिथे एक कृत्रिम खळगा काढून खोलीचा भास निर्माण करावा लागला. दोन शाखांच्या अडचणी कुठे वेगळ्या होतात, हे या प्रयोगावरून नीट कळते. व्हीआरमध्ये डोके वळणे आणि चित्र बदलणे यांत उशीर झाला तर डोळे एक सांगतात आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरे सांगते, त्यामुळे मळमळ होते. परंतु आभासी टेबल दोन अंश बाजूला सरकले तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ताडून पाहायला खरे टेबल तिथे नसते. एआरमध्ये ते लगेच लक्षात येते. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ च्या आपल्या आढावा निबंधात याचे साधे गणित मांडले आहे: डोके सेकंदाला ५० अंश इतक्या मध्यम गतीने वळत असेल आणि यंत्राला १०० मिलिसेकंद उशीर होत असेल, तर ५ अंशांची चूक होते आणि हाताच्या अंतरावर, म्हणजे सुमारे ६८ सेंटिमीटरवर, चित्र जवळजवळ ६० मिलिमीटर सरकते. शस्त्रक्रियेत किंवा तारा ओवताना इतकी चूक परवडत नाही.

व्याख्याही याच काळात पक्क्या झाल्या. टोरंटोचे पॉल मिलग्रॅम आणि जपानचे फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये एका टोकाला पूर्ण खरे जग, दुसऱ्या टोकाला पूर्ण आभासी जग आणि मध्ये मिश्र वास्तवाचा पट्टा अशी सलग रेषा मांडली. क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय तपासताना खरे मैदान जाऊन बहुतेकदा संगणकाने काढलेली खेळपट्टी आणि चेंडूचा मार्ग दिसतो, ते चित्र या रेषेच्या आभासी टोकाजवळचे. अझुमा यांनी एआरसाठी तीन अटी घातल्या: खरे आणि आभासी यांचे मिश्रण असावे, प्रतिसाद तत्क्षणी मिळावा आणि आभासी वस्तू त्रिमित अवकाशात नेमक्या जागी बसलेली असावी. तिसरी अट सर्वांत कठीण आहे. जुलै २०१६ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन गो’ने एआर हे नाव जगभर नेले आणि डिसेंबरमध्ये तो खेळ भारतातही आला, तेव्हा त्यातला प्राणी कॅमेऱ्याच्या चित्रावर नुसता ठेवलेला असे, जमीन कुठे आहे हे त्याला ठाऊक नसे. अझुमा यांच्या अटींवर तो त्या वेळी उतरला नसता. ॲपलने २०१७ मध्ये एआरकिट हे सॉफ्टवेअर आणल्यावरच साध्या मोबाइलला जमिनीचा आणि टेबलाचा पृष्ठभाग ओळखता येऊ लागला.

व्हीआरचे पुनरागमन मोबाइलमुळे झाले, कारण स्मार्टफोनसाठी लाखोंनी तयार होणारे छोटे पडदे आणि हालचाल टिपणारे सेन्सर आता स्वस्त मिळू लागले होते. पामर लकी यांच्या ऑक्युलस कंपनीच्या ‘रिफ्ट’ या व्हीआर यंत्रासाठी २०१२ मध्ये लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर जमले आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलरना घेतली. एआरच्या बाजूला मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये होलोलेन्स जाहीर केला. त्याच्या पारदर्शक भिंगांची मर्यादा सदरलँड यांच्या आरशांचीच होती: असे भिंग खऱ्या दृश्यात प्रकाश मिसळू शकते, पण त्यातून प्रकाश वजा करू शकत नाही, म्हणून त्यात काळा रंग दाखवता येत नाही आणि उन्हात चित्र फिके पडते.

या मर्यादेवरचा उपाय म्हणून डोळे पुन्हा पूर्ण झाकून बाहेरचे जग कॅमेऱ्यांतून आत दाखवण्याची पद्धत पुढे आली. २०२३ चा मेटा क्वेस्ट ३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला ॲपल व्हिजन प्रो ही अशीच यंत्रे आहेत. व्हिजन प्रोच्या, घड्याळाच्या किल्लीसारख्या फिरत्या बटणाने खोली हवी तितकी दिसू देता येते किंवा पूर्ण घालवता येते, म्हणजे मिलग्रॅम यांच्या रेषेवरून बोटाने पुढेमागे करता येते. कॅमेऱ्याचे चित्र १२ मिलिसेकंदांत पडद्यावर पोहोचते, असे ॲपलचे म्हणणे आहे. याला एआर म्हणावे की नाही, यावर २०२४ मध्ये बराच वाद झाला. मात्र पारदर्शक भिंग आणि कॅमेरा या दोन्ही पद्धतींची तुलना अझुमा यांनी १९९७ मध्येच करून दोन्हींना एआरमध्ये धरले होते. कॅमेऱ्याच्या पद्धतीत वीज गेली की माणूस जागच्या जागी आंधळा होतो, हा धोकाही त्यांनी तिथेच नोंदवला आहे. यंत्र घालून रस्त्यावर चालणाऱ्याच्या किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या दृष्टीने तो आजही तसाच आहे. होलोलेन्स २ चे उत्पादन २०२४ मध्ये थांबले असले, तरी मेटाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘ओरायन’ या पारदर्शक चष्म्याचा नमुना दाखवला, विक्रीला मात्र काढला नाही.