घरून काय जमतं, खुर्चीत काय होतं
डिप्रेशनच्या उपचारांसाठी येणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना

"तुम्ही शॉक देता का हो?" आम्हाला येणाऱ्या फोनवर हा प्रश्न हमखास असतो, म्हणून उत्तर आधीच देतो. नाही. शॉक म्हणजे ईसीटी. ती भूल देऊन करतात, त्यात मेंदूत मुद्दाम फिट आणतात आणि ते काम हॉस्पिटलचं. (गंभीर आजारात ती आजही फार गुणकारी आहे, तिची बदनामी करण्यात अर्थ नाही.) आमच्याकडे होते ती टीएमएस, म्हणजे चुंबकाच्या ठोक्यांनी मेंदूचा एक ठरावीक भाग जागा करणं. यात भूल नाही, चिरफाड नाही. पेशंट पूर्ण वेळ जागा असतो आणि संपलं की उठून कामाला जातो.

पण टीएमएसच्या खुर्चीपर्यंत येण्याआधी बरंच काही व्हिडिओवर होतं.

पडद्यावरची भेट

हा प्रकार कोविडमुळे आला असं अनेकांना वाटतं. पण अमेरिकेत नेब्रास्का इथल्या मनोरुग्ण संस्थेत १९५९ सालीच दुतर्फी टीव्ही लावून उपचार सुरू झाले होते. मनोविकारतज्ज्ञाची तपासणी बरीचशी ऐकण्याची आणि पाहण्याची असल्यामुळे ती पडद्यावर जमते.

मात्र सगळं नाही. मोबाईलच्या चौकटीत फक्त चेहरा येतो. गोळ्यांमुळे पाय सारखे हलतायत का, हात थरथरतो का, कपडे ढगळ होतील इतकं वजन उतरलंय का, हे त्यात दिसत नाही. म्हणून मोबाईल हातात न धरता कुठेतरी टेकवा आणि दोन पावलं मागे बसा. डॉक्टर उभं राहून चालून दाखवायला सांगतील, त्यात संकोच नको.

दुसरी अडचण घरातलीच. सगळ्या प्रश्नांना "हो", "नाही", "ठीक" एवढंच उत्तर येऊ लागलं की खोलीत आणखी कुणीतरी आहे हे आमच्या लक्षात येतं. हेडफोन लावा, दार लावून घ्या. घरात जागाच नसेल तर उभ्या गाडीत बसून बोला, पण गाडी चालवताना नको. घरच्यांशी आम्ही जरूर बोलतो, पण तुमची परवानगी घेऊन, वेगळ्या वेळी.

प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला "आत्ता कुठे आहात?" असं विचारतो. बोलताना तब्येत बिघडली तर मदत कुठे पाठवायची हे माहीत असावं लागतं, म्हणून. आणि जीव द्यायचे विचार मनात ठाण मांडून बसले असतील, तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, एकटे जाऊ नका.

दर पंधरवड्याला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली येईल, गुण ० ते २७; जितके जास्त, तितका आजार जास्त. गुण निम्म्यावर आले की उपचार लागू पडला असं धरतात आणि पाचच्या खाली गेले की आजार ओसरला असं. हे कंटाळवाणं आहे, कबूल. पण गुण २० वरून १२ वर आलेला माणूस बऱ्याचदा "काही फरक नाही" म्हणतो, आणि त्याच आठवड्यात घरचे सांगतात की तो न सांगता अंघोळ करायला लागलाय.

खुर्चीत

टीएमएसमागचं तत्त्व फॅरेडेचं, १८३१ सालचं: बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज वाहते. इंग्लंडमध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ते माणसाच्या मेंदूवर वापरून दाखवलं. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं डिप्रेशनसाठी या यंत्राला मान्यता दिली.

पहिल्या दिवशी आम्ही तुमचा अंगठा बघतो. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल (तारेचं वेटोळं) डोक्यावर सरकवत नेतो, एका जागी ठोका दिला की विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. किती ताकदीला उडतो त्यावरून तुमचा डोस ठरतो, कारण प्रत्येकाचा वेगळा असतो. मग कॉइल डाव्या कपाळाच्या वरच्या भागाकडे नेतो. आवाज सुतारपक्ष्यासारखा, म्हणून कानात बोळे. पहिले काही दिवस त्या जागी टोचल्यासारखं होतं, भुवई फडफडते, डोकं दुखू शकतं. बहुतेकांचं हे आपोआप कमी होतं.

जुन्या पद्धतीची सिटिंग साडेसदतीस मिनिटांची: चार सेकंद ठोके, सव्वीस सेकंद विश्रांती, एकूण ३,००० ठोके. नव्या पद्धतीत ६०० ठोके तीन-सव्वातीन मिनिटांत संपतात. "एवढ्याशा वेळात काय होणार?" हा प्रश्न रास्त आहे. २०१८ मध्ये चारशेहून अधिक पेशंटवर दोन्हींची तुलना झाली, छोटी पद्धत कमी पडली नाही. तरी आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे यावंच लागतं. हे व्हिडिओवर होत नाही, आणि आमचे बहुतेक पेशंट उपचाराला नव्हे, या रोजच्या ये-जा करण्याला कंटाळतात.

गुण किती येतो? गोळ्या लागू न पडलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना चांगला फरक पडतो, असं नेहमीच्या क्लिनिकमधल्या नोंदी सांगतात. पण २०१० मध्ये अमेरिकेत गोळ्या बंद ठेवून, खरी आणि खोटी (मेंदूपर्यंत ठोका न पोहोचवणारी) कॉइल लावून चाचणी झाली, तेव्हा तीन आठवड्यांत आजार ओसरलेले खऱ्या कॉइलनं १४ टक्के, खोट्या कॉइलनं ५ टक्के होते. या चाचणीचे आकडे जाहिरातीत सहसा दिसत नाहीत, म्हणून इथे देतोय.

घरी लावायचा पट्टा

याला टीडीसीएस म्हणतात. डोक्याला पट्टा, कपाळावर दोन ओले स्पंज आणि त्यांतून अर्धा तास विजेचा दोन मिलिअँपिअरपर्यंतचा मंद प्रवाह. २०२४ मध्येच घरगुती वापराच्या एका मोठ्या चाचणीत फायदा दिसला आणि दुसरीत खोट्या पट्ट्याइतकाच परिणाम. म्हणून आम्ही तो पहिला उपाय म्हणून देत नाही. दिला तर सुरुवातीच्या वेळा व्हिडिओवर आमच्यासमोर लावायचा. स्पंज मिठाच्या पाण्यात नीट भिजवा, कोरडा राहिला तर कातडी भाजते. बॅटरी आणि वायर जोडून घरच्या घरी प्रयोग करू नका.

आधी सांगा

डोक्यात क्लिप किंवा धातूचा तुकडा, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, पूर्वी आलेली फिट, घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, दारू, गरोदरपण. पूर्वी कधी कारण नसताना अतिउत्साह, झोपेशिवाय दिवसचे दिवस काढणं असं झालं असेल तर तेही, कारण मग उपचाराची दिशाच बदलते. दातातल्या चांदीची काळजी नको. चालू गोळ्या मनानं बंद करू नका.

टीएमएसमध्ये फिट येण्याचा धोका हजारात एका पेशंटपेक्षा कमी, पण जागरणानं तो वाढतो. रात्री झोप झाली नसेल तर सकाळी निघण्याआधी फोन करा, ती सिटिंग आपण पुढे ढकलू.