बावन्न रविवारांची प्रश्नोत्तरी : पार्श्वभूमी

प्रश्नोत्तरी म्हणजे प्रश्न-उत्तरांच्या रूपात ख्रिस्ती श्रद्धा शिकवणारे पुस्तक. उपासनेत ती शिकवायची की नाही, यावर फारसा वाद कधी झाला नाही. वाद झाला तो तिला कोणता दिवस द्यायचा यावर. चर्चचे वर्ष ख्रिस्ताच्या जीवनातल्या घटनांमागून चालते आणि प्रश्नोत्तरी मतांगीकार (श्रद्धेचे ठरावीक विधान), आज्ञा, संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारखे विधी), प्रार्थना अशा विषयांमागून. या दोन चाली आपोआप जुळत नाहीत.

चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये त्या जुळलेल्या होत्या. बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना ईस्टरआधीच्या उपवासकाळात मतांगीकार समजावून सांगत, ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देत आणि संस्कारांचा अर्थ त्यानंतरच्या आठवड्यात उलगडत. पुढे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा सर्रास होऊ लागला आणि शिकवणीची कालगणनेशी असलेली ही गाठ सुटली.

सोळाव्या शतकात ती पुन्हा बांधण्याचे प्रयत्न झाले. विटेनबर्गमध्ये सोपा तोडगा निघाला. प्रश्नोत्तरीवरची प्रवचने वर्षातून चार वेळा, तीही आठवड्याच्या मधल्या वारांना ठेवली, त्यामुळे रविवारच्या शुभवर्तमानाला, म्हणजे ख्रिस्तचरित्रातल्या त्या दिवशीच्या पाठाला, धक्का लागला नाही. 1529 साली छापलेल्या ल्यूथरच्या लहान व मोठ्या प्रश्नोत्तरी याच प्रवचनांतून आल्या. जिनीव्हाने मात्र 1542 च्या प्रश्नोत्तरीतले 373 प्रश्न रविवारांतच वाटले. रविवार भरले 55, म्हणजे वर्षाला पुरून उरणारे.

जर्मनीतल्या हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी 1563 ची, 129 प्रश्नांची. तिथल्या चर्चच्या नियमावलीत तिचे नऊ भाग पाडून ते प्रवचनाआधी वाचायला सांगितले होते. टिकली ती याच वर्षी आलेली दुसरी विभागणी : ‘प्रभुवार’ नावाचे बावन्न भाग, वर्षाच्या प्रत्येक रविवारी एक. हिशेब चोख दिसतो, पण जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरुवात करून पाहावी. कुमारी मरियेपासून झालेल्या जन्माचा चौदावा प्रभुवार एप्रिलच्या आरंभी येतो, कधी ऐन उपवासकाळात. पुनरुत्थानाचा सतरावा एप्रिलअखेरीस येतो, तेव्हा ईस्टर बहुधा होऊन गेलेला असतो. नाताळच्या सुमारास उपदेशकासमोर असते प्रभूच्या प्रार्थनेतली पापक्षमेची विनवणी. त्यातच एखाद्या वर्षी रविवार 53 भरतात.

या विसंगतीवर शिक्कामोर्तब झाले ते नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेत. 1618 च्या नोव्हेंबरात, मुख्य सैद्धान्तिक वादातला आरोपी पक्ष (रेमॉन्स्ट्रंट) हजर होण्याआधीच, याच प्रश्नोत्तरीवरच्या दुपारच्या प्रवचनांचा प्रश्न चर्चेला आला. तक्रारी जुन्याच होत्या : गावोगाव दुपारची उपासना होत नाही, पाळकाकडे एकाहून जास्त मंडळ्या आहेत, लोक शेतात नाहीतर खेळात रमलेले. सिनडने सवलत दिली नाही. श्रोते मोजकेच असले, अगदी पाळकाच्या घरचेच असले, तरी प्रवचन थांबवायचे नाही, असे ठरले. रविवारची कामे आणि करमणूक बंद करण्यासाठी सरकारलाही साकडे घातले. या आरोपी पक्षाचा आक्षेप मुळातला होता. माणसांनी लिहिलेल्या पुस्तकाला व्यासपीठावर पवित्र शास्त्राच्या पंगतीला बसवायचे का? या आक्षेपाला त्या सभेत मिळाले त्याहून जास्त वजन मिळायला हवे होते. तो मांडणारे पुढे दोषी ठरले, म्हणून आक्षेप फोल ठरत नाही.

सिनडच्या 1619 च्या नियमावलीत याचा परिणाम शेजारीशेजारी दिसतो. कलम 67 नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट पाळायला सांगते. कलम 68 सांगते की दुपारच्या प्रवचनांतून प्रश्नोत्तरी तिच्या विभागणीप्रमाणे, शक्यतो दरवर्षी पूर्ण व्हावी. दोघांचा मेळ कसा घालायचा, यावर एक अक्षर नाही. सकाळ शास्त्रवाचनाला आणि दुपार सिद्धान्ताला, अशी कामाची वाटणी झाली.

इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाने 1549 मध्ये किमान सहा आठवड्यांतून एकदा, सायंप्रार्थनेपूर्वी अर्धा तास, मुलांना शिकवायला सांगितले. 1662 मध्ये ही शिकवण सायंप्रार्थनेच्या आत, दुसऱ्या पाठानंतर आली. पण ती प्रवचनाऐवजी नव्हे, म्हणून तिथे भांडण पेटले नाही.

कॅथलिक बाजूला 1566 ची प्रश्नोत्तरी धर्मगुरूंच्या हातात देण्यासाठी होती. नंतरच्या आवृत्त्यांत कोणत्या रविवारच्या शुभवर्तमानाला कोणता भाग जोडावा याचे कोष्टक आले. पोपच्या 1905 च्या परिपत्रकाने मिस्सामधल्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतल्या) प्रवचनाव्यतिरिक्त प्रौढांसाठी वेगळी शिकवण नेमली. चार-पाच वर्षांत सगळा अभ्यास संपावा अशी अपेक्षा होती. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत वारे फिरले. प्रवचन हा उपासनेचाच भाग, ते त्या दिवसाच्या पवित्र पाठांतून फुलावे, असे ठरले. 1969 च्या तीन वर्षांच्या वाचनमालेने, म्हणजे उपासनेत वाचायच्या शास्त्रपाठांच्या ठरलेल्या क्रमाने, सिद्धान्तांच्या स्वतंत्र मालिकेला जागाच ठेवली नाही. मग शिकवण पातळ झाल्याची ओरड सुरू झाली. 2007 च्या पोपच्या एका दस्तऐवजाने वर्षभरात विषयवार प्रवचनेही द्यावीत, असे सुचवले. 2014 च्या प्रवचन-मार्गदर्शिकेने 1992 च्या प्रश्नोत्तरीचे परिच्छेद तिन्ही वर्षांच्या रविवारांना जोडून दिले, पण परिशिष्टात. 1566 नंतरच्या कोष्टकाचाच हा नवा अवतार.

हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी मानणाऱ्या सुधारित (रिफॉर्म्ड) मंडळ्यांमध्ये आता वेगळी अडचण आहे. दुपारची किंवा संध्याकाळची उपासनाच अनेक ठिकाणी बंद पडली, त्यामुळे डॉर्टने केलेली वाटणी कागदावर उरली. एकच उपासना चालते तिथे पाळकाला एक बाजू निवडावी लागते. क्रम मोडून चौदावा प्रभुवार नाताळला आणि सतरावा ईस्टरला घेतला, तर सण साधतात, पण मग बावन्न भाग वर्षात ओळीने संपवण्याचा नियम सोडावा लागतो.